पाणवठ्याचा ठराव आणि रावबहादूर बोले

मुंबईच्या प्रभादेवी भागातील सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी मंगळवारी पहाटेपासून जी रांग लागते, ती ज्या रस्त्यावर उभी राहते त्याचे नाव एस. के. बोले मार्ग असे आहे. मुंबईतील रस्त्यांची नावे ही बहुधा पत्त्यापुरतीच उरतात. त्यांच्यामागची माणसे काळाच्या ओघात पुसली जातात. सीताराम केशव बोले यांच्याबाबतीतही काहीसे तसेच घडले आहे. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास शाळेच्या पुस्तकातून प्रत्येक मराठी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतो. त्या इतिहासाच्या पहिल्या परिच्छेदात ‘बोले ठराव’ असे दोन शब्द येतात आणि वाचक पुढे सरकतो. ठराव कोणाचा, तो मांडणारा गृहस्थ कोण, आणि ठराव संमत झाल्यावरही चार वर्षे त्या तळ्याचे पाणी जिथल्या तिथे का राहिले, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. लोकप्रतिनिधी नेमके काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने या दोन शब्दांपाशी थोडे थांबावयास हवे.

बोले यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस, भंडारी समाजात झाला. कोकणच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावर माडाची लागवड करणारा आणि माडी काढणारा हा कष्टाळू समाज. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडांवरील करांचा आणि परवान्यांचा जाच वाढला, आणि या समाजाच्या परंपरागत व्यवसायावर मोठेच संकट कोसळले. बोले त्या वेळी दहा वर्षांच्या आसपासचे होते. दूर कोठेतरी संमत झालेला कायदा माणसाच्या चुलीपर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे त्या पिढीतील भंडारी मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ज्ञातीबांधवांत शिक्षणाचा प्रसार करणे हे बोले यांचे आरंभीचे कार्य होते. परंतु स्वतःच्या ज्ञातीच्या उन्नतीपाशीच थांबणाऱ्या त्या काळातील अनेक पुढाऱ्यांप्रमाणे ते तेथेच थांबले नाहीत.

शतकाच्या आरंभीची मुंबई ही गिरण्यांची मुंबई होती. नारायण मेघाजी लोखंडे यांचे १८९७ साली निधन झाल्यानंतर गिरणी कामगारांच्या बाजूने बोलणारा सातत्यपूर्ण आवाज जवळजवळ उरला नव्हता. १९०९-१० च्या सुमारास कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या प्रमुख संस्थापकांत बोले होते. ही सभा आजच्या अर्थाने कामगार संघटना नव्हती. वर्गणीदार सभासद जमवून मालकांशी झुंज देणे हा तिचा मार्ग नव्हता. अर्ज करणे, तंट्यात मध्यस्थी करणे, कामगारांच्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी शिक्षणाची सोय पाहणे, अशी तिची कामाची रीत होती. पुढच्या काळातील जहाल कामगार पुढाऱ्यांना ही रीत मवाळ वाटली, आणि त्यांचा तो आक्षेप निराधार नव्हता. तथापि ज्या काळात कापड गिरणीतील प्रौढ कामगाराच्या कामाला तासांची मर्यादाच नव्हती, आणि १९११ च्या कायद्याने ती घातली तीही बारा तासांची, त्या काळात कामगाराची बाजू कागदावर नीटपणे मांडणारा माणूस असणे हीच एक गरज होती.

गिरणीने बोले यांना दुसरेही एक दर्शन घडवले. खेड्यातील जातीचे बंधन शहरात सैल होते असे म्हणतात. पण मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याची चांगल्या पगाराची कामे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होती. धोट्यातून सुताचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या धाग्याला अस्पृश्याची लाळ लागणे हे इतर कामगारांना मान्य नव्हते. म्हणजे विटाळाची कल्पना ही देवळापुरती किंवा स्वयंपाकघरापुरती नव्हती. तिच्यामुळे महिन्याच्या पगारात प्रत्यक्ष फरक पडत होता. कामगारांचा प्रश्न आणि अस्पृश्यतेचा प्रश्न हे दोन निराळे कप्पे नाहीत, याची जाण बोले यांच्या पुढील कार्यात दिसते, तिचे मूळ या गिरणगावात शोधता येईल.

या वर्षांतील एक प्रसंग मागे वळून पाहता अर्थपूर्ण वाटतो. १९०७ सालची मॅट्रिकची परीक्षा एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक महार विद्यार्थी उत्तीर्ण झाला. ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की त्याचे अभिनंदन करण्यासाठी सभा भरविण्यात आली. सभेचे अध्यक्षस्थान बोले यांच्याकडे होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वीस वर्षांनी, १९२७ साली, हाच विद्यार्थी मुंबई कायदेमंडळाचा सभासद म्हणून बोले यांच्यासमवेत एकाच सभागृहात बसणार होता. आणि बोले यांच्या ठरावाची खरी कसोटी त्याच वर्षी, त्याच्याच नेतृत्वाखाली, सभागृहाबाहेर लागणार होती.

हे कायदेमंडळ म्हणजे काय होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय बोले यांच्या कामगिरीचे माप नीट घेता येत नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतात द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. पोलीस, न्याय, महसूल ही राज्यसत्तेची खरी हत्यारे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाच्या हातीच राहिली. मताधिकार कर भरणाऱ्या मोजक्या लोकांपुरता होता. सभागृहाने संमत केलेला ठराव हा सरकारला केलेली शिफारस असे. तो बंधनकारक नसे. असहकाराच्या पर्वात काँग्रेसने या कायदेमंडळांवर बहिष्कार घातला होता, आणि आत जाणाऱ्यांकडे राष्ट्रीय वृत्तीचे लोक संशयाने पाहत. रावबहादूर ही पदवी तर त्या संशयाला पुष्टी देणारीच होती. ब्राह्मणेतर चळवळीतील अनेकांनी मात्र निराळा हिशेब मांडला. सत्तेचा जो काही लहानसा तुकडा हाती येतो आहे तो न वापरता सोडून दिला तर आपल्या माणसांच्या वाट्याला काहीच येणार नाही, असे त्यांना वाटले. बोले हे या दुसऱ्या पक्षातले होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले अथवा चालविलेले, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर करण्याची अस्पृश्य वर्गांना मुभा असावी, असा त्याचा आशय होता. यात नवे काय होते? अस्पृश्यतेविरुद्धचा आवाज नवा नव्हता. महाड तालुक्यातीलच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी गेल्या शतकातच आपल्या बांधवांची गाऱ्हाणी निर्भयपणे मांडली होती. विठ्ठल रामजी शिंदे यांचे मिशन १९०६ पासून कार्य करीत होते. शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात सार्वजनिक स्थळे खुली करण्याचे हुकूम काढले होते. बोले यांच्या ठरावात नवे होते ते त्याचे अधिष्ठान. त्याने दया मागितली नाही आणि धर्मशास्त्राचा आधारही शोधला नाही. पाणवठा कोणाच्या पैशातून बांधला, एवढाच प्रश्न त्याने विचारला. ज्या विहिरीवर सरकारी तिजोरीतला पैसा खर्च झाला, तिचा मालक समाजाचा कोणताही एक थर असू शकत नाही. वाद एकदा या पायावर आणून ठेवला की सोवळ्या-ओवळ्याची सारी चर्चा गैरलागू ठरते.

पण ठराव सभागृहातून सरकारी दफ्तरात गेला, आणि तेथे त्याचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. कचेरीत काम करणाऱ्या कोणाही माणसाला यातील मर्म लगेच कळेल. ११ सप्टेंबर १९२३ रोजी निघालेल्या आदेशात दोन क्रियापदे होती. ज्या जागा आणि संस्था खुद्द सरकारच्या मालकीच्या होत्या, त्यांच्या बाबतीत खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करण्याचा हुकूम देण्यात आला. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांना विनंती करण्यात आली, की त्यांनी या संस्थांना ठरावाची शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला द्यावा. हुकूम एका बाजूला. विनंती, सल्ला आणि विचार दुसऱ्या बाजूला. गावोगावच्या विहिरी आणि तळी बहुतांशी या दुसऱ्या बाजूला होती. ठरावातला ‘सर्व’ हा शब्द अशा रीतीने एका वाक्यरचनेत गळून पडला. कोणीही ठरावाला विरोध केला नाही. फक्त तो पाळण्याची जबाबदारी कोणावर आहे हे निश्चित होऊ दिले नाही. आपल्याकडील पुष्कळ सुधारणांचा अंत असाच, कोणी त्यांना प्रत्यक्ष नकार न देता झालेला आहे.

काही ठिकाणी सद्‍हेतूने पाऊल पडले. महाडच्या नगरपालिकेने सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले. प्रांताचा ठराव झाला, सरकारचा आदेश झाला, नगरपालिकेचा ठराव झाला. कागद पुरा झाला. तळ्यावर मात्र मुसलमान आणि ख्रिस्ती पाणी भरीत, जनावरे पाणी पीत, आणि महार-चांभारांनी पूर्वीप्रमाणेच दूर राहावे, हा क्रम चालूच राहिला. त्या काठावर पाऊल ठेवणाऱ्याचे संरक्षण कोण करणार, हा प्रश्न तिन्ही कागदांपैकी एकानेही विचारला नव्हता.

सर्वसामान्य लोकप्रतिनिधी या टप्प्यावर समाधानाने बाजूला झाला असता. ठराव आपल्या नावाने संमत झाला, वर्तमानपत्रांत आला, कीर्ती पदरात पडली. अंमलबजावणी हे सरकारचे काम. बोले यांचे वेगळेपण असे, की तीन वर्षांनी ते पुन्हा त्याच विषयासाठी उभे राहिले. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा तो ठराव होता. पहिल्या ठरावाने तत्त्व सांगितले होते. दुसऱ्याने तिजोरीच्या किल्लीकडे बोट दाखविले. सल्ल्याने न वळणारी संस्था अनुदान थांबल्यावर वळते, हे व्यवहारज्ञान त्यात होते. आपलाच ठराव तोकडा पडला याची कबुलीही त्यात होती, आणि अशी कबुली सभागृहात देण्यास मनाचा एक प्रकारचा प्रामाणिकपणा लागतो. ही दुसरी सूचनाही कागदावरच अधिक राहिली, हे खरे आहे. अनुदान रोखण्याची धमक सरकारला झाली नाही.

त्याच सुमारास बोले यांच्या नावाशी निगडित असलेला दुसरा एक कायदा मात्र खरोखरच परिणामकारक ठरला. गावातील वतनदार ग्रामजोशाचा धार्मिक विधींच्या दक्षिणेवर वंशपरंपरागत हक्क मानला जाई. यजमानाने त्याला न बोलावता दुसऱ्याकडून विवाह लावून घेतला, किंवा सत्यशोधक पद्धतीने पुरोहिताशिवायच लावला, तरी ग्रामजोशी दिवाणी न्यायालयात दावा लावून आपली दक्षिणा वसूल करू शके. न केलेल्या कामाचे वेतन न्यायालयाच्या हुकमाने मिळावे, असा हा विलक्षण प्रकार होता. महात्मा फुले यांच्या काळापासून सत्यशोधकांना या दाव्यांनी हैराण केले होते. बोले यांनी मांडलेले ‘जोशी बिल’ पुढे १९२६ च्या कायद्याच्या रूपाने आले, आणि ज्याने विधी केला नाही त्याला त्याची दक्षिणा मागण्याचा हक्क उरला नाही. पुरोहिताला बोलावण्यास कोणाला बंदी झाली नाही. न बोलावणाऱ्याच्या मानेवरचे जोखड तेवढे उतरले.

या दोन प्रयत्नांची तुलना उद्‍बोधक आहे. जोशी कायद्याने रूढीच्या पाठीशी असलेला न्यायालयाचा हात काढून घेतला. त्यासाठी कोणा शिपायाला गावोगाव फिरावे लागले नाही; दावा चालेनासा झाला आणि विषय संपला. पाणवठ्याच्या ठरावाचे स्वरूप नेमके उलटे होते. तेथे रूढीला न्यायालयाची गरजच नव्हती. गावची बहुसंख्या, जमिनीवरची मालकी, बलुत्यावर अवलंबून असलेले पोट आणि प्रसंगी हातातली काठी, एवढे तिला पुरेसे होते. असा बंदोबस्त मोडण्यासाठी राज्यसत्तेने नुसते बाजूला होऊन भागत नाही; तिला दुबळ्याच्या शेजारी येऊन उभे राहावे लागते. १९२३ चे सरकार तसे उभे राहण्यास तयार नव्हते. म्हणूनच जोशी कायद्याला एका वर्षात जे साधले, ते पाणवठ्याच्या ठरावाला साधले नाही. दोष शब्दांचा थोडा होता. शब्दांमागे उभ्या नसलेल्या शक्तीचा अधिक होता.

ती शक्ती शेवटी ज्यांच्यासाठी ठराव झाला होता त्यांनीच उभी केली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांनी तिच्यासाठी परिश्रम घेतले होते. २० मार्चला परिषदेचे हजारो प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. उलट प्रांताच्या कायदेमंडळाचा आणि गावच्या नगरपालिकेचा ठरावच ते प्रथम आचरणात आणीत होते. त्यानंतर अफवा उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी केली. पुढे नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तो दिवस होता ४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. वाढदिवसाची अशी भेट फार थोड्या ठरावांच्या वाट्याला आली असेल.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्यापूर्वीच सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा दाखल करून मनाई हुकूम मिळविला, आणि लढा न्यायालयात गेला. तो निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासून चालत आलेली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळण्यात आले. ठरावापासून न्यायनिवाड्यापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली. एका तळ्याच्या काठापर्यंत पोहोचण्यासाठी लागलेला हा काळ आहे, आणि महाराष्ट्रात गावे हजारोंनी होती.

बोले यांच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. ते लढाऊ नेते नव्हते. सनदशीर मार्गावर आणि ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या सदिच्छेवर त्यांचा विश्वास गरजेपेक्षा अधिक होता. कोकणातील खोतीच्या जुलमाविरुद्धही त्यांनी कायदेमंडळात आवाज उठविला, पण त्या व्यवस्थेला हात लावणे त्यांना शक्य झाले नाही. खोती नष्ट होण्यास स्वातंत्र्योत्तर काळातील १९४९ चा कायदा यावा लागला. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की तळ्यावर मार खाणाऱ्यांत ते नव्हते. ठराव मांडणाऱ्याची जोखीम आणि ओंजळभर पाणी उचलणाऱ्याची जोखीम यांत अंतर आहे, आणि इतिहासाने अग्रमान दुसऱ्याला दिला हे योग्यच झाले. परंतु म्हणून पहिल्याचे काम क्षुल्लक ठरत नाही. महाडच्या सत्याग्रहाला जी नैतिक आणि कायदेशीर भूमी लाभली, ती त्या ठरावाने दिली होती. सत्याग्रही गुन्हेगार ठरू शकले नाहीत. गुन्हेगार ठरले ते त्यांना अडविणारे. पायाखाली कागदाचा तेवढा तुकडा नसता, तर तीच मिरवणूक दंगल म्हणून सरकारदप्तरी नोंदली जाण्यास वेळ लागला नसता.

बोले यांना दीर्घायुष्य लाभले. स्वतंत्र भारताचे संविधान अमलात आलेले त्यांनी वृद्धापकाळी पाहिले. त्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत जातीच्या कारणावरून भेद करण्यास मनाई आहे, आणि तेथेही कसोटी आहे ती पूर्णतः वा अंशतः शासनाच्या पैशातून चालविल्या जाण्याची. १९२३ च्या ठरावाशी या विचाराचे नाते सहज ओळखू येते. फरक एवढाच, की आता ती शिफारस राहिली नव्हती. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिच्या आचरणाला शिक्षा ठरविली. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या जागी सल्ला आणि विनंती होती, तेथे दंड आणि कारावास आला.

तेवढ्यानेही सारे पाणवठे खुले झाले नाहीत, हे गावाशी संबंध असलेला कोणीही सांगू शकेल. प्रत्येक पिढीत नवे नियम होतात, नव्या योजना येतात, आणि त्यांच्या आदेशांतही कोठेतरी एखादे ‘इष्टतेचा विचार करावा’ असे पुसट क्रियापद बसलेले असते. बोले यांच्या आयुष्याचा खरा बोध तेथेच आहे. सभागृहात ठराव संमत करून घेणे ही लोकप्रतिनिधीच्या कामाची सुरुवात असते. तीन वर्षांनी त्याच ठरावाची फाईल पुन्हा उघडून ती कोठे अडली हे विचारणे, हे त्याचे खरे काम. आणि आदेशातल्या शब्दांवर बोट ठेवून तो अमलात आणणारे शिक्षक, कारकून, नगरसेवक गावोगाव नसतील, तर उत्तमातला उत्तम ठरावही दप्तरातच राहतो. सिद्धिविनायकाच्या रांगेत उभ्या असणाऱ्यांपैकी एखाद्याची नजर रस्त्याच्या पाटीवरील नावाकडे गेली, तर त्याने एवढे ध्यानी घ्यावे की ज्या रांगेत आज कोणी कोणाची जात विचारत नाही, तशी एक रांग कधी काळी एका तळ्याकडे निघाली होती, आणि तिच्या वाटेचा पहिला कागद याच नावाने लिहिला गेला होता.